विहिणींची फुगडी आणि चार बळं

दोघींचे हात एकाच क्षणी सुटले. मी मागच्या मागे दिवाणावर आदळले आणि तिथून घसरून खाली आले. विहीणबाई उलट्या दिशेला गेल्या. त्या कुठे पडल्या ते दिसलं नाही, नुसता आवाज आला. भरलेलं पोतं टाकावं तसा. मागोमाग त्यांचा स्टीलचा डबा टेबलावरून खाली आला, घरंगळत माझ्या पायाशी येऊन थांबला आणि त्यातली भाजी लादीवर पसरली.

वर पंखा एकीकडे फिरत होता आणि छत दुसरीकडे. मी मान वळवली. विहीणबाई जेवणाच्या टेबलाखाली अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर, उताण्या पडल्या होत्या. डोळे मिटलेले, तोंड उघडं. माझी सून किंचाळली, "आई!" ती मला हाक मारत होती की तिच्या आईला, ते कळायला मार्ग नव्हता, कारण आम्हा दोघींनाही ती आईच म्हणते.

मला वाटलं, गेल्या. आणि आपण मारलं.

आता हे कसं झालं ते सांगते.

मुलुंडला आमचं घर. मुलगा, सून, नात आणि मी. विहीणबाई म्हणजे सुनेची आई. त्या घाटकोपरला राहतात आणि दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतात. येताना स्वतःच्या भाजीचा डबा आणतात. मी मालवणकडची, माझ्या भाजीत ओलं खोबरं असतं. त्या साताऱ्याकडच्या, त्यांना दाण्याचं कूट लागतं. दुसऱ्याच्या घरी जेवायला जाताना भाजी बरोबर नेणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. मी तसं त्यांना तोंडावर सांगितलंय. त्या म्हणाल्या, "मग पाहून घ्या, रोज दिसत नाही."

आमचं कधी कशावर एकमत झालेलं नाही. मुलांच्या लग्नात त्यांच्याकडच्या आचाऱ्याने आमच्या माणसांना गार पुऱ्या वाढल्या, असं मी म्हणते. पुऱ्या गरमच होत्या, तुमची माणसं फोटो काढत बसली आणि उशिरा पंगतीला आली, असं त्या म्हणतात. हा वाद नातीच्या वयापेक्षा मोठा आहे.

नात फिजिक्स शिकली. एम.एस्सी. झाली. पुढे पीएच.डी. करायला बंगळूरला एका संस्थेत तिला जागा मिळाली. इकडे मुलाने अंधेरीच्या एका कंपनीत तिच्या नोकरीचं बोलणं करून ठेवलं होतं. मुलगा वाईट नाही, घाबरट आहे. त्याला जे कळत नाही ते सगळं त्याला खड्डा वाटतं. बंगळूरला होकार कळवायची शेवटची मुदत त्या रविवारची होती. सकाळपासून घरात कोणी कोणाशी नीट बोलत नव्हतं. आमटीत मीठ नव्हतं, तेही कोणी बोललं नाही.

जेवणं झाल्यावर मुलाने विषय काढला. "तू तिथे जाऊन नक्की करणार काय, ते मला एकदा कळू दे."

"सांगितलं ना बाबा. बळांचं एकीकरण."

"म्हणजे काय ते मला सहा महिने कळलेलं नाही."

"तुम्ही ऐकतच नाही."

मुलगा हसला. म्हणाला, "बरं. मी नाही ऐकत. तुझ्या या दोन आज्या बसल्यात. दोघींना समजावून सांग. दोघींना कळलं आणि दोघी एका तोंडाने म्हणाल्या की हिला जाऊ दे, तर मी एक शब्द बोलणार नाही."

सूनसुद्धा हसली. आम्ही दोघी एका तोंडाने! नात हसली नाही. तिने खुर्ची ओढली आणि आमच्यासमोर बसली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. तेव्हा मला कळलं की हे पोरीच्या जिवावरचं आहे. मी चष्मा लावला. ऐकायला चष्मा लागत नाही, पण लावला.

"जगात चार बळं आहेत," ती म्हणाली. "जे काही घडतं ते या चारांमुळे. एक गुरुत्वाकर्षण, खाली पाडणारं."

"ते माहितेय," विहीणबाई म्हणाल्या. "बाथरूममध्ये असतं."

"दुसरं विजेचं आणि चुंबकाचं."

"ती दोन झाली गं."

"लोकांनाही आधी दोनच वाटायची, आजी. मग कळलं की ते एकच आहे."

"म्हणजे फ्रिजच्या दाराला चिकटतं ते आणि ज्याचं बिल येतं ते, एकच?"

"एकच."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. नात पुढे गेली. "तिसरं बळ अणूच्या पोटात असतं, सगळं घट्ट धरून ठेवतं. आणि चौथं, क्षीण बळ."

"क्षीण म्हणजे अशक्त?" मी विचारलं.

"हो."

"मग त्याला कशाला मोजायचं?"

"त्याच्याशिवाय सूर्य पेटला नसता, आजी."

"सूर्य पेटवतं आणि अशक्त? नाव कोणी ठेवलं?"

"तेच तर!" पोर खुर्चीच्या कडेला आली. "ते अशक्त दिसतं, कारण आपण फार गार जगात राहतो. खूप ऊर्जा असेल तिथे ते विजेच्या बळाइतकंच असतं. नुसतं तेवढंच नाही, तिथे ती दोन बळं वेगळी करताच येत नाहीत. एकच असतात. हे प्रयोगात दिसलंय. तिसरं बळही आणखी वर गेल्यावर यांच्यात मिळत असावं. गणितात ती जवळजवळ येताना दिसतात. पाहिलं मात्र कोणी नाही. आणि गुरुत्वाकर्षणाचं तर अजून कोणालाच नीट कळलेलं नाही."

"घ्या!" मुलगा म्हणाला. "कोणालाच कळलेलं नाही, ते शिकायला ही बंगळूरला जाणार."

"कळलेलं शिकायला तू होतास ना," मी म्हटलं. "काय केलंस?"

मी नातीला विचारलं, "ऊर्जा म्हणजे किती? किती बिल येईल?"

"बिलाचा प्रश्न नाही, आजी. जमिनीखाली एक भलं मोठं यंत्र आहे, कितीतरी मैलांचं गोल. त्यात एका कणाला जेवढी ऊर्जा देतात ना, ती साधारण एका उडणाऱ्या डासाएवढी."

मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला. "डास! मैलभर यंत्र, आणि डास! आमच्या गच्चीच्या टाकीवर या म्हणावं, फुकट देतो."

विहीणबाईही हसल्या. मला हसू आलं, पण पोरीचं तोंड बघून मी गिळलं. ती म्हणाली, "बाबा, डासाच्या अंगात कण किती असतात? मोजता येणार नाहीत इतके. ती ऊर्जा त्या सगळ्यांत वाटली गेलेली असते. प्रत्येकाच्या वाट्याला काहीच येत नाही. इथे ती सगळीच्या सगळी एकट्या कणाला दिलेली असते."

हे मला कळलं. मला गावजेवण माहीत आहे. एक वाटी खीर सबंध गावाला वाटली तर कोणाच्या जिभेला गोडसुद्धा लागणार नाही. तीच वाटी एका मुंगीला पाजली तर?

"मुंगी फुटेल," विहीणबाई म्हणाल्या.

"फुटेल! बरोबर!" नात ओरडली. "तेच करतात तिथे! एकूण किती आहे ते बघायचं नाही. एकाच्या वाट्याला किती आली ते बघायचं."

"मग ते अशक्त बळ अशक्त का आहे, ते सांग," मी म्हटलं. माझं तिथेच अडलं होतं.

"बळं एकमेकांकडे निरोप पोचवतात असं समज. विजेचा निरोप नेतो प्रकाश. त्याला वजनच नाही, तो कुठवरही जातो. क्षीण बळाचे निरोपे फार जड असतात. त्यांना उंबरठासुद्धा ओलांडवत नाही. म्हणून त्या बळाचा कोणाला पत्ता लागत नाही."

विहीणबाई माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या. "म्हणजे यांच्यासारखे," त्या म्हणाल्या.

मी जाड आहे. त्या काटकुळ्या आहेत. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट मध्ये कितीतरी दिवस बंद होती. मी चौथ्या मजल्यावर अडकले. त्या दिवसांत माझी सगळी भांडणं चौथ्या मजल्यावरच झाली, खाली कोणाला माझं अस्तित्व माहीत नव्हतं. विहीणबाई मात्र रविवारी तुरुतुरु जिने चढायच्या आणि येताना प्रत्येक मजल्यावरची बातमी घेऊन यायच्या. राहायला घाटकोपरला, पण आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाकडे पाहुणे आले ते त्यांच्याकडून मला कळायचं. मग लिफ्ट सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी तळमजल्यावरच्या बाईशी माझं कडाक्याचं वाजलं.

मी हे रागाने सांगितलं. विहीणबाईंना उत्तर म्हणून. पण नातीने टाळ्या वाजवल्या. "आजी, लिफ्ट म्हणजेच ऊर्जा! लिफ्ट चालू असली की जड कोण आणि हलकी कोण याने काही फरक पडत नाही. दोघीही सारख्याच सगळीकडे पोचतात!"

"म्हणजे मी अशक्त नव्हते," मी म्हटलं. "लिफ्ट बंद होती."

"लिफ्ट बंद होती! सुरुवातीला सगळं विश्वच इतकं तापलेलं होतं की खरं तर तेव्हा ते निरोपे जड नव्हतेच. विश्व गार होत गेलं तसा त्यांना जडपणा आला."

"माझं लग्नानंतर तसंच झालं."

"आणि गार झाल्यावर एकाची दोन बळं दिसायला लागली."

"गार झाल्यावर सगळ्याचीच वाट लागते," मी म्हटलं. "पुऱ्यांचंच बघा."

"पुऱ्या गरम होत्या!" विहीणबाई म्हणाल्या.

इथून ते बोलणं भलतीकडे गेलं असतं, पण विहीणबाईंनीच ते परत आणलं. त्या बाईचं एक आहे, पटलं नाही तर त्या मान डोलावत नाहीत. त्या नातीला म्हणाल्या, "लिफ्टचं कळलं मला. पण लिफ्टमधून उतरल्या तरी ह्या ह्याच आणि मी मीच. दोघी सारख्या पोचल्या, पण एक कुठे झाल्या? तू एक होतात म्हणतेस."

नातीने डोकं खाजवलं. वर बघितलं. "हा पंखा बघा. जोरात फिरला की तीन पाती दिसत नाहीत, एकच चकती दिसते."

"तो डोळ्यांचा दोष," मी म्हटलं. "पाती तीनच आहेत. बोट घालून बघ."

"झालं तर मग," मुलगा उठत म्हणाला. "एकीला लिफ्ट पटली, एकीला नाही. पंखा दोघींना नाही." तो चांगल्या मनाने बोलला, पण पोरीचे डोळे भरले. तिने मोबाईल उचलला, वेळ बघितली, परत पालथा ठेवला. मला तिचा राग आला. रडते कशाला, सांग ना नीट! आणि मुलाचा जास्त राग आला.

ती खाली मान घालून म्हणाली, "तुम्ही दोघी लहानपणी फुगडी खेळायचात ना?"

"गौरीत," मी म्हटलं.

"आम्ही नागपंचमीपासूनच," विहीणबाई म्हणाल्या. म्हणजे त्या माझ्यापेक्षा जास्त खेळल्या.

"मग फुगडी रंगात आली की कोण ओढतंय आणि कोण ओढली जातेय, ते सांगता येतं?"

"मी ओढायचे," मी म्हटलं.

"ओढायची ती मीच," विहीणबाई म्हणाल्या.

"बाहेरून बघणाऱ्याचं सोडा. आतून, फिरताना, सांगता येतं का?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. इतकी वर्षं झाली, कोणाला आठवतंय? विहीणबाईंनी पदर खोचला.

"नाही हं!" सून म्हणाली. "अजिबात नाही! गुडघे बघा तुमचे!"

ती असं म्हणाली नसती तर मी कदाचित उठले नसते.

टीपॉय सरकवला. सतरंजी गोळा केली. मधोमध लादीवर उभ्या राहिलो आणि तिथेच भांडण सुरू झालं. आमच्या वाडीत फुगडी घालताना बोटांत बोटं अडकवतात. त्यांच्या गावी एकमेकींची मनगटं धरतात. बोटांची फुगडी वेगाने फिरते, मनगटाची सुटत नाही. मी म्हटलं, बोटं. त्या म्हणाल्या, मनगट. मुलगा दाराला टेकून मजा बघत होता. शेवटी नातीने तोड काढली. हातांची फुली करायची, उजवे हात माझ्या पद्धतीने बोटांत अडकवायचे, डावे हात त्यांच्या पद्धतीने मनगटावर.

पायाला पाय लावले, मागे झुकलो आणि सुरू केलं.

पहिल्यांदा नुसती ओढाताण. मी जड, त्यामुळे त्या माझ्याभोवती फिरत होत्या, खुंट्याला दोरीने बांधल्यासारख्या. त्यांचं हाड अन् हाड मला हाताला लागत होतं. मग पाय जमले. मग जोर आला. टीव्ही गेला, खिडकी गेली, मुलगा गेला, परत टीव्ही, परत खिडकी. बांगड्या वाजत होत्या. सून "पुरे, पुरे" म्हणत होती, ते कधी या कानाला ऐकू यायचं, कधी त्या. फक्त विहीणबाईंचं तोंड जागेवर होतं. बाकी सगळं घर वाहून चाललं होतं. त्या हसत होत्या. वरचे दोन दात नाहीत त्यांना, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला पोटातून गुदगुल्या झाल्या. मी ओरडले, का ते ठाऊक नाही. त्यांनीही फू फू फू करायला सुरुवात केली, आम्ही लहानपणी करायचो तस्सं. म्हणजे त्यांच्याकडेही करतात!

"कोण ओढतंय?" नात ओरडली.

आणि खरंच सांगता येईना. मी त्यांना धरून ठेवलं होतं की त्यांनी मला? मी जड आहे की नाही, तेही कळत नव्हतं. मी त्यांच्यामुळे उभी होते, त्या माझ्यामुळे. दोन जोर आहेत, असं अंगाला वाटतच नव्हतं. एकच जोर होता आणि त्याला दोन टोकं होती.

"कळत नाही!" मी ओरडले. त्याच दमात विहीणबाई ओरडल्या, "कळत नाही!"

आता थांबायला हवं होतं. पण मला त्या क्षणी फार बरं वाटत होतं आणि मनात आलं, ही बाई इतकी छान फिरतेय, हिचंच खरं असेल. मनगटच बरं. आपण एकदा हिच्या मनासारखं करू. म्हणून मी उजव्या हाताची बोटं सोडली, त्यांचं मनगट धरायला.

आणि त्याच क्षणी त्यांनी डाव्या हाताने धरलेलं माझं मनगट सोडलं आणि स्वतःचंही सोडवून घेतलं, माझ्या बोटांत बोटं अडकवायला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकीने दुसरीचं ऐकायचं ठरवलं आणि ते दोघींनी एकदम ठरवलं. कोणाच्याच हातात काही उरलं नाही.

म्हणून मी दिवाणापाशी होते आणि विहीणबाई टेबलाखाली, डोळे मिटून. सून धावली. मुलाने फोन हातात घेतला, पण कोणाला लावायचा ते त्याला सुचेना. मी रांगत निघाले. भाजीतून रांगले. कुटाची होती. टेबलाखाली डोकं घालून म्हटलं, "अहो! अहो, ऐकताय का?"

त्यांनी एक डोळा उघडला. "हात का सोडलात?"

"तुम्ही का सोडलात?"

"तुमच्यासारखा धरायला."

"मीपण."

पहिल्यांदा त्यांचं पोट हललं. मग खांदे. मग त्या इतक्या हसायला लागल्या की डोकं टेबलाला खालून आपटलं, आणि त्यावर आम्ही आणखी हसलो. मला श्वास घेता येईना. मी त्यांच्या शेजारीच आडवी झाले. सून रडत होती आणि हसत होती. नात भिंतीला चिकटून उभी होती, दोन्ही हात तोंडावर. तिला वाटत होतं तिने दोन आज्या मारल्या.

मुलगा खाली वाकला. "आई! काय होतंय तुम्हाला? कुठे लागलंय?"

"तिला जाऊ दे," आम्ही दोघी म्हणालो.

ठरवून नाही. एका तोंडाने. तो तसाच वाकलेला राहिला.

"पण तुम्हाला समजलं का?" त्याने सासूला विचारलं.

"गार झाल्यावर विचारा," विहीणबाई म्हणाल्या. "आत्ता मला समजलंय."

त्याने शब्द दिला होता. पोरीने तिथेच बसून मोबाईलवरून होकार पाठवला. दोनदा चुकीची अक्षरं पडली. मग आम्हाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरने विचारलं, कशा पडलात? विहीणबाईंनी सांगितलं, फुगडी. त्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एक्स-रे लिहून दिला. त्यांच्या मनगटाला चीर गेली होती. माझी मांडी कमरेपासून गुडघ्यापर्यंत काळीनिळी झाली, हाड शाबूत.

पुढच्या रविवारी विहीणबाई प्लॅस्टर घातलेला हात घेऊन आल्या, दुसऱ्या हातात भाजीचा डबा. जेवताना मी म्हटलं, हात मोडलाय तरी कूट कुटताय. त्या म्हणाल्या, तुमचं खोबरं खाण्यापेक्षा बरं. मुलाचा चेहरा पडला. "अरे, पुन्हा सुरू? मग त्या दिवशीचं काय?"

"त्या दिवशीचं खरंच होतं," मी म्हटलं. "हेही खरं आहे. आता गार झालंय, एवढंच."

नात बंगळूरला गेली. फोनवर विचारते, गणितात हे अडलं, ते अडलं. मला काय कळणार. मी म्हणते, रडू नको, परत सांग.

त्या दुपारी त्या खोलीत आम्ही पाच जण होतो. पाचही जण अजून आहेत. फिरलेल्या दोघींपैकी विहीणबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत, मी त्यांच्याहून थोडी लहान.